बाजरीच्या किनाऱ्यावर गोल्फ

सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस सांगतो, की आपल्या आयुष्यात एक गुरू आला आणि त्याने आपल्याला दिशा दिली. मीही त्या भाग्यवंतांपैकी एक आहे. माझा गुरू मला तेविसाव्या वर्षी भेटला. त्याच्या गावात मला मिळालेली दिशा नैर्ऋत्य होती, आणि ती दिवसातून तीनदा सरकारी वहीत लिहावी लागे.

वारा मोजणं ही माझी नोकरी होती. साक्री तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या कडेवर एक लांबरुंद उघडा माळ आहे. त्यावर आमच्या खात्याने उंच लोखंडी खांब उभा केला होता. टोकाला वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या आणि दिशा दाखवणारं एक पातं. बुंध्याशी काच लावलेला डबा, त्यात स्कूटरच्या मीटरसारखे पुढे सरकणारे आकडे. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. माळावर चढायचं, आकडा उतरवायचा, पात्याकडे बघून दिशा लिहायची, खाली यायचं. वर्षभराच्या वह्या धुळ्याच्या ऑफिसात जाणार आणि मग वरचे लोक ठरवणार, की इथे पवनचक्क्या उभ्या करायच्या की नाही. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पवनचक्की हा शब्द तेव्हा भाषणांत नवाकोरा होता. माझी नोकरी हंगामी होती. वर्ष विनातक्रार पार पडलं तर कायम, नाहीतर जळगावला, पिंप्राळ्यात, वडिलांच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला परत. वडिलांनी माझं स्टूल अजून उचललं नव्हतं.

माळाखालच्या गावात मला खोली दिली ती सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. गाव त्यांना फौजी म्हणे. मी आबा म्हणायला लागलो. साठीच्या आसपासचे, काटक, पाठ अशी ताठ की खाटेवर बसले तरी उभे असल्यासारखे वाटत. खोली दाखवताना त्यांनी मला तीन प्रश्न विचारले.

"दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"गोल्फ?"

साक्री तालुक्यात हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी "नाही" म्हणालो, तेव्हा पहिल्या दोन उत्तरांचे गुण परत काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

लढाईबद्दल आबा कधी बोलले नाहीत. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी समुद्रकाठच्या एका छावणीत अधिकाऱ्यांच्या गोल्फ मैदानाची निगा राखली होती. छावणी कुठली, हे मी अनेकदा विचारलं. "ते सांगता येत नाही," एवढंच उत्तर. शत्रूला गोल्फच्या मैदानाचा पत्ता लागू नये, ही काळजी ते निवृत्तीनंतर बारा वर्षं घेत होते. तिथे अकरा वर्षं त्यांनी गवत कापलं, वाळू सारखी केली, निशाणं बदलली, आणि एकदाही चेंडू मारला नाही. ती मुभा त्यांना नव्हती. त्यांनी फक्त बघितलं. कुणाचा चेंडू समुद्राच्या वाऱ्याने कुठे वाहवत जातो, कोण बुटाच्या टोकाने तो हळूच गवताबाहेर सरकवतो, कोण सात मारून पाच सांगतो.

"बठ्ठं माहीत शे माले," ते आपल्या अहिराणीत म्हणत; बठ्ठं म्हणजे सगळं. "एक कर्नलसाहेब खरं सांगे. म्हणून तो कधी जिंकना नही."

त्याच कर्नलने निवृत्तीच्या दिवशी त्यांना पाच जुन्या काठ्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून चेंडू दिले. काठ्यांची इंग्रजी नावं आबांना माहीत होती, पण ती त्यांना निरुपयोगी वाटत. त्यांनी हुद्द्याप्रमाणे नावं दिली होती. सगळ्यांत लांब, लाकडी तोंडाची ती मेजर. तिचा आवाज मोठा, चेंडू कुठे जाईल याची खात्री नाही. मधल्या दोन लोखंडी काठ्या सुभेदार आणि हवालदार. सगळं काम याच दोघी करत. तिरक्या तोंडाची, दगडधोंड्यांतून चेंडू वर काढणारी ती नाईक. पाचवी आखूड काठी, शेवटी चेंडू हळूच ढकलायची. तिला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. "शेवटला निकाल तिनाच हातमा ऱ्हाये," ते म्हणाले. बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी गावात होतो तोवर त्या काठीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मी पाहिला नाही. मला शेवटचे फटके हवालदाराने मारावे लागत.

मैदान त्यांनी स्वतः आखलं होतं. बुद्धविहाराच्या मागून सुरुवात, मग चढ, मग माळाच्या कडेकडेने जाऊन परत. नऊ ठिकाणी वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमिनीत पुरलेले, प्रत्येकात एक काठी आणि तिला जुन्या धोतराची चिंधी. गवत म्हणाल तर कुसळाचं, तेही मेंढ्यांनी खाऊन उरलेलं. समुद्रकाठी डब्याभोवती मखमली हिरवळ असते म्हणे. ती इथे आणायची कुठून? आबांनी तोड काढली होती. दर शनिवारी सकाळी शेणाची बादली घेऊन ते माळावर जात आणि नऊ डब्यांभोवतीचे नऊ गोल सारवत. वाळलेल्या सारवणावरून चेंडू असा सरळ घरंगळे की पाहत राहावं. आता सारवलेल्या जागी पायताणं घालून कोण जाईल? त्यामुळे जगात बहुधा हे एकच मैदान असावं, जिथे शेवटचे फटके चपला बाहेर काढून मारावे लागत.

मैदानाच्या डाव्या अंगाला समुद्र होता. म्हणजे अक्काची बाजरी होती. अक्का ही शेजारच्या वावराची मालकीण, आबांच्याच वयाची, आवाजाने त्यांच्याहून वरच्या हुद्द्याची. बाजरी हातभर झाली आणि वारा सुटला की तिच्यावरून लाटा जात, तेव्हा आबा काठी टेकून बघत उभे राहत. चेंडू तिकडे गेला तर तो समुद्रात गेला. शोधायचा नाही. एक फटका दंड, आणि नवा चेंडू. मला वाटलं ही कवीची कल्पना आहे. आबांच्या मते तो भूगोल होता.

"हाऊ वारा समुद्रनाच शे, भाऊ," ते मला म्हणाले. "तठूनच येस. पाणी तेवढं डोंगरना मांगे राही गयं."

अक्काला हा भूगोल मान्य नव्हता.

"ओ फौजी!" ती बांधावरून ओरडे. "वावर मन्हं शे का तुन्हं?"

"एकच चेंडू गया, अक्का."

"काल बी एकच. परवा बी एकच. तुन्हा एकेकना ढीग पडना आठे."

"समुद्रमा गयेल चेंडू परत मांगाना नही. रूल शे."

"समुद्र! पुढला महिनामा कापस मी तुन्हा समुद्र. मंग मोजी ले तुन्हा बठ्ठा अंडा."

आणि खरोखर, दर कापणीला अक्का टोपलीभर चेंडू आबांच्या ओट्यावर ओतून जाई. वर म्हणे, यंदा समुद्राला उतारा कमी पडला. आबा चेंडू धुऊन, मोजून डब्यात ठेवत. अशा रीतीने बारा वर्षांत त्यांचे जेमतेम सात चेंडू कायमचे हरवले होते.

मी खेळायला लागलो तो निव्वळ नाइलाजाने. माझा खांब त्यांच्या सातव्या डब्याजवळ, अगदी कड्याच्या तोंडाशी होता. दिवसातून तीनदा मला तिथे जायचंच असे आणि सकाळच्या खेपेला आबा बरोबर असत. रोज बघून बघून एका रविवारी मी काठी हातात घेतली. पहिल्या फटक्याला चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्याला मी हललो. तिसऱ्याला चेंडू उंच गेला, वाऱ्याने तो हवेतच थांबवला, आणि मी उभा होतो त्याच्या दहा पावलं मागे आणून ठेवला.

"वारा म्हणजे वरिष्ठ," आबा म्हणाले. "समोरतून उना की मान खाले घालानी."

म्हणजे चेंडू बुटका मारायचा, जमिनीलगत. पाठीमागून वारा असेल तर उंच, तो नेईल तितका. बाजूने असेल तर चेंडू समुद्राच्या अंगाला मारायचा आणि वारा परत आणील यावर भरवसा ठेवायचा. हे शेवटचं मला कधीच जमलं नाही. भरवसा ठेवून मी अक्काची बाजरी किती झोडपली हे तिची टोपली सांगेल.

त्या पहिल्या फेरीतली एक गोष्ट मी विसरू शकलो नाही. तिसऱ्या डब्यापाशी माझा चेंडू दगडांत अडकला. नाईक घेऊन मी तो बडवला, पुन्हा बडवला. आबा पुढे निघून गेले होते. शेवटी चेंडू डब्यात पडला तेव्हा त्यांनी वही काढली. काळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्यासारखी पण जाडजूड वही, दिवसाला एक ओळ, आणि कानावर पेन्सिल.

"किती?"

"सहा," मी म्हणालो. आठ झाले होते.

त्यांनी सहा लिहिले. नऊ डबे संपल्यावर मी सहज वहीत डोकावलो. तिसऱ्या डब्यासमोर त्यांच्या नावावर सहा होते. त्यांनी चार मारले होते, मी मोजले होते.

"आबा, तुमचे इथे चार होते."

"व्हय. दोन तुन्हा शेतस."

ते पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "फटका ते बसनाच ना? कोना तरी नावावर जाईच."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. समुद्रकाठी अकरा वर्षं त्यांनी न मोजलेले फटके पाहिले होते, आणि ते जातात कुठे हा त्यांना खरोखरच पडलेला प्रश्न असावा. त्यावर त्यांनी हा तोडगा काढला होता. पुढच्या रविवारी मागचं फेडावं म्हणून मी दोन फटके जास्तीचे सांगितले. त्यांनी ते खोडले. "न मारेल फटका कसाले सांगस?" त्यानंतर मी बरोबर मोजायला लागलो. माझी सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली असं म्हणायला मला आवडलं असतं. पण म्हाताऱ्या माणसाचा खेळ आपल्यामुळे बिघडलेला बघवत नाही, इतकीच गोष्ट होती.

मैदानावर मी सुधारलो. मैदानाबाहेर सुधारायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोळ्याच्या सुमाराला घरून निरोप आला: मुलगी बघायची आहे, ये. रजा मागितली असती तर बदली माणूस येईपर्यंत थांबावं लागलं असतं. मी न सांगताच गेलो. जळगावला जायला अर्धा दिवस, यायला अर्धा, आणि मला नाकारायला मुलीकडच्यांनी तीन दिवस घेतले. चार दिवसांच्या बारा नोंदी बुडाल्या. परत आलो त्या सकाळी मी खांबापाशी बसलो. डब्यातला आकडा पुढे गेलेलाच होता. त्यातून चार दिवसांपूर्वीचा आकडा वजा केला, बाराने भागलं, भागाकार सगळीकडे सारखा दिसू नये म्हणून कुठे थोडं कमी केलं, कुठे थोडं वाढवलं. बेरीज पक्की होती. दिशेच्या रकान्यात बारा वेळा नैर्ऋत्य लिहिलं. त्या मोसमात दुसरी दिशा मी पाहिलीच नव्हती. कामाचा मला थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खेळायला निघालो. आबा खुशीत होते.

"चार दिवस मज्जा गई तुन्ही," ते म्हणाले. "वारा फिरना व्हता. पूर्वना. सातवा उलटा खेळना पडना. आणि परवा ते पान बी हालनं नही. बारा वरीसमा असा दिवस देखा नही मी."

मी सातव्या डब्यापाशी उभा होतो. वर माझ्या वाट्या फिरत होत्या.

"तू काय लिखं?" त्यांनी विचारलं.

"नैर्ऋत्य."

"चारी दिवस?"

"चारी."

त्यांनी पिशवीतून चेंडू काढला. मग म्हणाले, "माले सांगानं व्हतं. मी लिखी ठेवतू." आणि खाली वाकून चेंडू मांडायला लागले. पुढे त्यांनी कधी तो विषय काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सरकारी वहीत खाडाखोड करायची तर शेजारी कारण लिहून सही करावी लागते. कारण एकच होतं: मी जागेवर नव्हतो. ते लिहिलं असतं तर त्याच कागदाने मला पिंप्राळ्याला पाठवलं असतं. मी गप्प राहिलो. रोज तीनदा ती वही उघडत होतो आणि ती पानं आली की दोन पानं एकदम उलटत होतो.

कापणी होऊन समुद्र नाहीसा झाला, त्यानंतर धुळ्याचे साहेब वर्षाची तपासणी करायला आले. साहेब मोठे होते. ते बोलत तेव्हा समोर माइक असल्याचा भास होई. खांबापाशी खुर्ची ठेवून त्यांनी वह्या मागवल्या. आबा थोड्या अंतरावर, काठ्यांची पिशवी खांद्याला लावून उभे होते. अधिकारी दिसला की ते सावधान उभे राहत, आणि त्यांची अहिराणी बंद होऊन पुस्तकी मराठी सुरू होई.

साहेबांनी पानं उलटली. पोळ्याच्या आठवड्यावर थांबले. आपल्या फाइलमधला एक कागद काढून त्यांनी वहीशेजारी धरला.

"तालुक्यातल्या आपल्या दुसऱ्या खांबावर या चार दिवसांत वारा पूर्वेचा आहे," ते म्हणाले. "तुमच्याच माळावर नैर्ऋत्येचा कसा? या माळाला काही विशेष सवलत आहे का?"

सहा आठवडे मी या प्रश्नाची वाट बघत होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला. "साहेब, ते आकडे माझे आहेत."

साहेबांनी मान वळवली. "आपण कोण?"

"निवृत्त हवालदार, साहेब. याचे घरमालक. हा चार दिवस घरी गेला होता, नोंदी मला सांगून गेला. मी म्हातारा, माळावर चढलो नाही. अंदाजाने लिहिल्या. चूक माझी."

बारा वर्षं रोज माळावर चढणारा माणूस हे बोलत होता. समोर बघत, छाती पुढे काढून, हुकमाला उत्तर दिल्यासारखं. मला त्या क्षणी ती काळी वही दिसली, आणि तिच्यात त्यांच्या नावावरचे माझे दोन फटके. आता बारा होत होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण पुष्कळ बारीक. "त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. अक्षर माझं आहे. मी न विचारता गेलो होतो. परत येऊन भागाकार करून लिहिलं."

"आणि दिशा?"

"दिशा मनाने."

साहेबांनी चष्मा काढला. आता भाषण होणार असं वाटलं. पण साहेब आमच्या अपेक्षेपेक्षा बरे निघाले. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या दिवसांत खरं काय होतं, हे कुणाला तरी माहीत आहे का?"

आबांनी पिशवीच्या कप्प्यातून काळी वही काढली आणि दोन पावलं पुढे होऊन दिली. प्रत्येक दिवसाला नऊ डब्यांचे नऊ आकडे. शेजारी वाऱ्याचा बाण, आणि बाणाला जोराप्रमाणे एक, दोन किंवा तीन पिसं काढलेली. पोळ्याच्या आठवड्यात बाण उलटे. एका दिवसासमोर बाणाऐवजी नुसता गोल, आणि त्याखाली लिहिलेलं: 'शांत.' साहेब पानं मागे मागे उलटत गेले. बारा वर्षं. एकाही सकाळची जागा रिकामी नव्हती, बायको गेली त्या आठवड्यातले दिवस सोडून. त्या सात दिवसांसमोर त्यांनी सरळ 'खेळलो नाही' असं लिहिलं होतं.

साहेब बराच वेळ वाचत होते. वारा वाचताहेत असं मला वाटलं.

"सातव्यावर तीन?" ते एकदम म्हणाले. "या वाऱ्यात? तीनमध्ये?"

साहेब कुठल्याशा क्लबात गोल्फ खेळत असत, हे तेव्हा कळलं. मग तपासणी बाजूला राहिली. साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि मेजर मागितली. आबांनी "सुभेदार घ्यावा, साहेब" असं सुचवून पाहिलं. साहेबांना आपल्या बरोबरीचा हुद्दा हवा होता. चेंडू उंच गेला, थबकला, आणि आमच्या डोक्यावरून मागे गेला. अक्का बांधावर धसकटं वेचत होती.

"हाऊ बी तुन्हाच शिष्य का रे फौजी?" तिने विचारलं.

साहेबांनी आणखी पाच चेंडू मारले. सारवणापाशी आबांनी नम्रपणे बुटांकडे बोट केलं, तेव्हा साहेबांनी बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. शेवटी, घाम पुसत, त्यांनी निष्कर्ष काढला.

"इथे वारा फार आहे," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

एका वर्षाच्या तपासणीतून आमच्या खात्याने काढलेलं हे पहिलं अनुमान.

जाताना साहेबांनी आबांना बाजूला घेतलं. मी कोट घेऊन उभा होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"ही वही मी जोडतो. बारा वर्षांचा पुरावा कुठे मिळायचा? पण एक सांगून ठेवतो. जागा पास झाली तर पहिली चक्की या सातव्यावरच येणार. तुमचं मैदान राहणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय, साहेब," आबा म्हणाले. "वारा इथंच जास्त आहे."

माझ्या नोंदींवर लाल शाईने 'ग्राह्य नाही' असा शेरा पडला. मला लेखी ताकीद मिळाली आणि हंगामी मुदत सहा महिन्यांनी वाढली. त्यानंतर मी कायम झालो. ताकीद अजून माझ्या सेवापुस्तकात आहे. तिच्यातलं 'संबंधिताने चूक स्वतःहून कबूल केली' हे वाक्य मात्र पूर्ण खरं नाही. स्वतःहून काही झालं नव्हतं. माझ्या बारा फटक्यांना दुसऱ्याचं नाव लागत होतं, ते मला पाहवलं नाही. पुढे नोकरीत माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, पण एवढं खरं, की त्या सगळ्या माझ्या नावावर आहेत. हे मला आबांनी शिकवलं, आणि शिकवतोय असा भाव एकदाही आणला नाही. त्यांचे उपकार मानायचे म्हटले तर ते म्हणत, "चाल, उशीर व्हयी राह्यना," आणि चेंडू मांडत.

मी धुळ्याच्या ऑफिसात बदलून गेलो तरी वर्षातून दोनतीनदा माळावर जात असे. आबांनी नवी वही सुरू केली होती. भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "आपला वारा पास व्हयना का?" मी म्हणे, वर विचार चालू आहे. चक्की आज येईल, उद्या येईल म्हणून ते सातव्या डब्याकडे जरा निराळ्या नजरेने बघत, पण शनिवारी तो गोल इतरांसारखाच सारवत. अक्का म्हणे, "मोडाना शे ते कसाले सारवस?" त्यावर आबा म्हणत, "मोडतीन तव्हय मोडतीन. आज शनवार शे."

अशी पाच वर्षं गेली. मग आमचं ऑफिस नव्या इमारतीत हललं, जुन्या फाइली उपसताना त्या माळाची फाइल माझ्या हाताला लागली. आत माझ्या वह्या होत्या आणि आबांची काळी वही होती. वही परत द्यायची परवानगी काढून, आणि फाइलमधल्या निकालाच्या कागदाची नक्कल घेऊन, मी रविवारी गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. आता ते पाचच डबे खेळत. वही त्यांनी हातात घेतली, उघडली नाही.

"काय लिखं त्यासनी?"

"जागा नाकारली, आबा."

ते थोडे ताठ झाले. "वारा कमी पडना?"

"वाऱ्याबद्दल काहीच नाही." मी कागद वाचून दाखवला. एकच ओळ होती. पवनचक्कीची पाती घेऊन येणारी लांब गाडी गावच्या वळणावर वळू शकत नाही, सबब जागा अयोग्य.

"कधीनं शे ते?" आबांनी विचारलं.

मी खालची तारीख बघितली. साहेब तपासणीला आले त्याच्या एकवीस दिवस आधीची होती.